न खेळलेला बोर्ड, बिघडलेला बोर्ड: गुण द्यायचे कसे

रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले. जळगावात मे महिन्यात त्या वेळीही भिंतीला हात लावला तर गरम लागतो. हॉलमध्ये डुप्लिकेट ब्रिजची सात टेबलं, दोन कूलर, आणि पाचव्या टेबलावर चौदा नंबरचा बोर्ड (एका डावाचे चौघांचे पत्ते चार कप्प्यांत ठेवलेला ट्रे) तसाच पडलेला. कप्प्यातून एकानेही पत्ते काढलेले नाहीत. पूर्व-पश्चिम जोडी भुसावळची. उत्तरेला बसलेले आमचे आबा हात झटकून म्हणतात, "जाऊ द्या ना भो, दोघांना ॲव्हरेज टाका अन् मोकळे व्हा."

डायरेक्टर, म्हणजे खेळ चालवणारा पंच, म्हणून पहिलं वर्षभर मी नेमकं हेच करायचो. वाद मिटायचा, चहा यायचा, सगळे खूश. पण त्या रात्री त्या टेबलावर आधीच्या दोन बोर्डांना काय झालं ते मी पाहिलं होतं. तीन नोट्रम्पच्या (हुकूम नसलेल्या) डावात आबांनी चौथ्या हाताला जी समाधी लावली, ती पाच मिनिटं उतरली नाही. भुसावळकर निमूट बसून होते. म्हणजे तिसरा बोर्ड राहिला तो आबांमुळे, आणि 'दोघांना ॲव्हरेज' दिलं असतं तर भुर्दंड पडला असता भुसावळकरांना. तोच डाव खेळलेल्या जोड्यांपैकी हरवलेल्या प्रत्येकीचे २ मॅचपॉइंट, म्हणून सात टेबलांच्या खेळात एका बोर्डाचा टॉप, म्हणजे सर्वाधिक गुण, १२ मॅचपॉइंट आणि ॲव्हरेज त्याच्या निम्मे, ६. नियमाप्रमाणे निर्दोष म्हणून ६० टक्क्यांनी त्यांचे होत होते ७.२. आमच्याकडे पहिल्या आणि दुसऱ्या जोडीत पुष्कळदा एवढाही फरक नसतो.

आपल्या खान्देशातल्या छोट्या क्लबांत डायरेक्टर म्हणून वेगळा माणूस नसतो. खेळणाऱ्यांतलाच एकजण नियमपुस्तक घेऊन बसतो आणि स्वतःचे पत्ते पालथे ठेवून दुसऱ्यांच्या टेबलावर धावतो. अशा माणसासाठी हे लिहितोय. कलमांचे आकडे जागतिक ब्रिज महासंघाच्या २०१७ च्या डुप्लिकेट नियमावलीतले आहेत.

आधी पाहा, बोर्ड अजून खेळता येतो का

मेंढीकोटात डाव बिघडला की पत्ते गोळा करायचे, पिसायचे आणि पुन्हा वाटायचे. डुप्लिकेटमध्ये ती सोय नाही, कारण तोच डाव सातही टेबलांवर जायचा असतो. उलट इथे दुसरी एक सोय आहे, ती म्हणजे बोर्ड नंतर खेळवता येतो. साठ-चाळीसचा (निर्दोषाला ६०, दोषीला ४० टक्के) हिशेब करायला बसण्याआधी हे बघायचं. खेळून आलेला निकाल कोणत्याही कागदी गुणांपेक्षा चांगला.

नंतर खेळवायचा की नाही हे डायरेक्टरनेच ठरवायचं. टेबलावरच्या चौघांनी आपसात 'शेवटी बसू रे' असं ठरवून बोर्ड पुढे सरकवला, तर त्याला अर्थ नाही. डायरेक्टरने रीतसर पुढे ढकललेल्या बोर्डापुरती मात्र त्यांची फेरी संपलेली धरत नाहीत. बोर्ड खेळून गुण लिहिले जाईपर्यंत किंवा तो रद्द होईपर्यंत ती चालूच असते (कलम ८).

मी तीन गोष्टी विचारतो. चौघेही शेवटपर्यंत थांबणार आहेत का? त्या बोर्डाबद्दल कुणाच्या कानावर काही पडलंय का? आणि बोर्ड त्या वेळी मोकळा असेल का, दुसऱ्या टेबलावर खेळात नसेल ना? दुसरा प्रश्न आमच्या हॉलमध्ये सगळ्यात अवघड. आमच्याकडे खेळ संपला की आवाज चढतो. 'चौदाला तर स्लॅम (बारा-तेरा हातांची बोली) होता!' हे वाक्य वाघूर धरणापर्यंत ऐकू जातं. ज्याच्या कानावर पडलं त्याने बोली सुरू होण्याआधी मला सांगायचं. ऐकलेल्या गोष्टीने खेळात फरक पडेल असं वाटलं, तर मी बोर्ड रद्द करून गुण देऊ शकतो, किंवा खेळू देऊन नंतर निकाल दुरुस्त करू शकतो (कलम १६). स्लॅमसारखी बातमी असेल तर मी खेळवतच नाही.

आणि एक. फेरी संपायला पाच मिनिटं उरली असताना नवा बोर्ड सुरू करू द्यायचा नाही, ही शिस्त आधीपासून लावा. एका बोर्डाला साधारण साडेसात मिनिटं धरली तर तीन बोर्डांच्या फेरीला बावीस-तेवीस मिनिटं होतात. मी घंटा वाजवत नाही, टेबलाजवळ जाऊन उभा राहतो. त्याचा जास्त उपयोग होतो.

खेळणं अशक्य असेल, तर आधी कारण शोधा

इथे बहुतेक जणांचा गोंधळ होतो. 'न खेळलेला' असं म्हणताना आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो.

पहिली गोष्ट: बोर्ड त्या जोडीच्या वाट्यालाच नव्हता. जोड्या तेरा आल्या आणि अर्धं टेबल रिकामं राहिलं, म्हणून एक जोडी दर फेरीला बसून राहते. किंवा वीज गेली, दुसरा इलाज नव्हता, आणि डायरेक्टरने सगळ्यांची शेवटची फेरीच रद्द केली. इथे कुणालाही काहीही द्यायचं नाही, ॲव्हरेजसुद्धा नाही. त्या जोडीचे टक्के तिने खेळलेल्या बोर्डांवरच काढायचे. समजा एक जोडी २१ पैकी १८ बोर्ड खेळली (प्रत्येक बोर्डाचे निकाल सहाच, म्हणून टॉप १०) आणि १८० पैकी १०४ मॅचपॉइंट मिळवले, तर ५७.८ टक्के झाले. तुम्ही प्रेमाने बसलेल्या तीन बोर्डांचे पंधरा टाकलेत, तर २१० पैकी ११९ होतात, म्हणजे ५६.७. चांगलं खेळणारी जोडी खाली ओढली जाते आणि वाईट खेळणारी फुकट वर येते.

दुसरी गोष्ट: बोर्ड त्या दोन जोड्यांनी खेळायचाच होता, पण काहीतरी नियमबाह्य घडलं आणि निकाल निघू शकला नाही. इथे आणि इथेच कलम १२ मधला चाळीस-पन्नास-साठचा हिशेब लागतो. ज्या जोडीची सरळ चूक आहे तिला जास्तीत जास्त ४० टक्के. जिची चूक काही अंशी आहे तिला ५० टक्के. जिची अजिबात चूक नाही तिला कमीत कमी ६० टक्के. टॉप १२ असेल तर ४.८, ६ आणि ७.२.

'जास्तीत जास्त' आणि 'कमीत कमी' हे शब्द नीट वाचा, थोड्या वेळात त्यांच्याकडे परत येऊ. त्याआधी सगळ्यात मोठा गैरसमज काढून टाकतो. दोन्ही जोड्यांची बेरीज १०० झालीच पाहिजे असं काही नाही. डायरेक्टरने चुकीचा निर्णय दिला आणि त्यामुळे बोर्ड नीट खेळता आला नाही, तर दोन्ही बाजू निर्दोष धरायच्या (कलम ८२) आणि दोघांनाही ६०. चौघेही बाहेर चहाला जाऊन दहा मिनिटं उशिरा आले आणि बोर्ड राहिला, तर दोघांनाही ४०. गावच्या पंचायतीत निम्मं-निम्मं वाटून घेणं शहाणपणाचं असेल, ब्रिजमध्ये नाही. प्रत्येक जोडीला स्वतंत्र विचारायचं की हा बोर्ड न होण्यात तुमचा हात किती?

आता नेहमीची प्रकरणं. आबांचं वर सांगितलं, तिथे चाळीस-साठ. दोन्ही जोड्या सारख्याच रेंगाळल्या आणि नेमकं कुणामुळे ते कळत नाही, तर पन्नास-पन्नास, आणि पुढच्या फेरीला त्या टेबलावर लक्ष. एखादी जोडी ठरलेल्या वेळेआधी गाडीसाठी उठून गेली तर तिला ४० आणि समोरच्यांना ६०. भुसावळ इथून पंचवीस किलोमीटर, गाडी चुकली तर पुढची कधी हे मला कळतं, मलाही वाईट वाटतं. पण समोरच्या जोडीने काय पाप केलं? यावर आम्ही काढलेला तोडगा असा की गाडीवाल्यांनी सुरुवातीलाच सांगायचं, मग मी त्या दिवशी सगळ्यांचीच एक फेरी कमी ठेवतो. ठरवून कमी केलेल्या फेरीत कुणाचा दोष नाही आणि कुणाला गुणही नाहीत.

उशिरा आलेल्या जोडीने पहिला बोर्ड बुडवला, तरी हेच. आदल्या फेरीतल्या टेबलाने वेळ खाल्ला म्हणून इथे बोर्ड उशिरा आला आणि राहिला, तर इथल्या दोघांनाही ६०, कारण दोष तिकडचा आहे. तिकडच्या मंडळींना वेगळा दंड करता येतो (कलम ९०).

राग आला म्हणून ४० चे ३० करू नका. शिक्षा करायचीच असेल तर गुणांतून वेगळी वजा करा आणि तशी नोंद ठेवा. आमच्याकडे पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी टॉपच्या १० टक्के.

साठ म्हणजे नेहमी साठच नव्हे

'कमीत कमी ६०' याचा अर्थ असा. निर्दोष जोडी त्या रात्री उरलेल्या बोर्डांवर ६० टक्क्यांहून जास्त खेळत असेल, तर या बोर्डाचेही तिला तेवढेच टक्के. उरलेल्या २० बोर्डांवर ६४ टक्के असतील तर १२ चे ६४ टक्के, म्हणजे ७.६८. ६० देऊन तिला खाली का ओढायचं? उलट्या बाजूने, दोषी जोडी उरलेल्या बोर्डांवर ३६ टक्क्यांवर असेल तर तिला ४० मिळत नाहीत, ३६ मिळतात, म्हणजे ४.३२. नाहीतर बोर्ड बुडवणं तिला फायद्याचं पडलं असतं. हातांनी हिशेब करणाऱ्यांनी हे अगदी शेवटी करायचं, बाकी सगळे बोर्ड लावून झाल्यावर.

एकाच जोडीचे एका रात्रीत तीन-चार बोर्ड असे गेले तर काय, हे आयोजकाला आपल्या पातळीवर ठरवता येतं. ते आधी ठरवा आणि फळ्यावर लिहा. वाद सुरू झाल्यावर ठरवलेला नियम कुणीच मानत नाही.

उरलेल्या सहा टेबलांचं काय?

चौदा नंबर पाचव्या टेबलावर झाला नाही, म्हणजे त्याचे निकाल सातऐवजी सहाच. सहांत पहिल्या येणाऱ्याला १० मॅचपॉइंट मिळतात, बाकीच्या बोर्डांवर मात्र टॉप १२ आहे. मग हा बोर्ड कमी वजनाचा का व्हावा? आणि नुसतं १० ला १२ म्हणावं, तर सहा जणांना हरवणं आणि पाच जणांना हरवणं एकच होऊन बसतं.

यासाठी फ्रान्सच्या नॉयबर्ग यांचं सूत्र वापरतात. संगणक ते आपोआप लावतो, पण आत काय चाललंय ते डायरेक्टरला एकदा तरी कागदावर करून कळलेलं असावं. हरवलेल्या प्रत्येक जोडीचे २ आणि बरोबरीचा १ असं मोजत असाल, तर मिळालेल्या मॅचपॉइंटमध्ये १ मिळवा, त्याला अपेक्षित निकालांच्या संख्येने गुणा, प्रत्यक्ष निकालांच्या संख्येने भागा आणि १ वजा करा.

चौदा नंबरला कुणीच व्हल्नरेबल (वाढीव बक्षीस-दंड लागणाऱ्या बाजूला) नसतं. उत्तर-दक्षिणेचे सहा निकाल असे आले: एकीकडे चार इस्पिक आणि एक हात जास्त, ४५०. तीन टेबलांवर नेमके चार इस्पिक, ४२०. एकाने तीनवर थांबून दहा हात केले, १७०. एकजण बुडाला, उणे ५०. सहांतले मॅचपॉइंट: ४५० ला १०, प्रत्येक ४२० ला ६, १७० ला २, उणे ५० ला शून्य.

आता सूत्र. १० चे होतात ११ गुणिले ७ भागिले ६ वजा १, म्हणजे ११.८३. ६ चे ७.१७. २ चे २.५. शून्याचे ०.१७. पूर्व-पश्चिमेसाठी प्रत्येक आकडा १२ मधून वजा करा.

४५० वाल्याला पूर्ण १२ मिळाले नाहीत, कारण पाचव्या टेबलावर त्याच्याहून चांगला निकाल येण्याची थोडी शक्यता होतीच. त्याच न्यायाने बुडालेल्याला पूर्ण शून्य नाही. पडताळा पाहायचा तर सहांची बेरीज करा: ११.८३, तीनदा ७.१७, २.५ आणि ०.१७ मिळून ३६. सहा टेबलांचं ॲव्हरेज ६ प्रमाणे ३६ च होतं. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी चुकलंय. पाचव्या टेबलाचे ४.८ आणि ७.२ या बेरजेत धरायचे नाहीत. ते बाहेरून आलेले आहेत.

कागदावर हे करायला कंटाळा येतो हे मान्य. एका बोर्डाला मला चार मिनिटं लागतात. पण वीज नसताना बॅटरीच्या उजेडात मी ते केलेलं आहे, तेव्हा अशक्य नाही.

खेळलेला, पण बिघडलेला

यातला पहिला प्रश्न: निकाल निघाला आहे का, किंवा निघू शकतो का? बोलीत गडबड झाली, कुणाच्या मान हलवण्यावरून भिडूने उतारी बदलली, अशा प्रकरणांत बोर्ड खेळून झालेला असतो. तिथे चाळीस-साठ आणायचंच नाही. गडबड झाली नसती तर काय निकाल आला असता याचा अंदाज बांधून तो निकाल द्यायचा. २०१७ च्या नियमांत दोन-तीन संभाव्य निकालांचं वजन धरून मिश्र गुणही देता येतात. शक्यता फारच पसरलेल्या असतील तरच कृत्रिम गुण, म्हणजे चाळीस-पन्नास-साठ. विचार करायचा कंटाळा म्हणून साठ-चाळीस देणारे डायरेक्टर मी पाहिलेत. आरशातही पाहिलाय.

आता पत्त्यांचे घोळ. हे आमच्याकडे फार, आणि त्यातला निम्मा दोष कूलरचा.

गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या टेबलावर खेळ निम्म्यावर आला आणि पश्चिमेच्या लक्षात आलं की आपल्याकडे एक पत्ता कमी आहे. बाकी तिघांचे पत्ते बरोबर. मी वाकून शोधलं. चौकटची सत्ती कूलरच्या पायाशी ओली होऊन चिकटलेली. वाऱ्याने उडाली असणार. 'बोर्ड रद्द!' म्हणून दोघेजण उठलेसुद्धा. रद्द वगैरे काही नाही. तिघांकडे तेरा असतील आणि चौथ्याचा पत्ता हरवला असेल, तर सापडलेला पत्ता पहिल्यापासून त्याच्याच हातात होता असं धरतात (कलम १४). खेळाला सुरुवात झालेली नसेल तर पत्ता परत देऊन सगळं पुढे चालू. सुरुवात झाली असेल तर हातात असलेला पत्ता न टाकल्याबद्दल तो रंग चुकवल्याचा दोष लागू शकतो. इथे पश्चिमेने एका हाताला चौकट असून किलवर टाकलं होतं, कारण त्याला वाटलं चौकट संपले. त्यामुळे त्याला तो हिशेब द्यावा लागला. बोर्ड मात्र जिवंत राहिला.

एकाकडे चौदा आणि दुसऱ्याकडे बारा, हे प्रकरण वेगळं. बोली सुरू होण्याआधी कळलं तर डायरेक्टर पत्ते जागच्या जागी लावून देतो आणि शक्य असेल तर खेळ होतो. बोलीत किंवा खेळात कळलं तर दुरुस्त करून खेळवता येईल का ते पाहायचं. नसेल तर कृत्रिम गुण. पण बोर्ड पूर्ण खेळून झाल्यावर कळलं, तर निकाल रद्द करावाच लागतो (कलम १३), कितीही छान खेळलेला असो. दोष कुणाचा? चौदा धरणाऱ्याचा आणि बारा धरणाऱ्याचा, कारण पत्ते उघडण्याआधी पालथे मोजून तेरा असल्याची खात्री करणं प्रत्येकाचं काम आहे (कलम ७). हे दोघे एकमेकांचे विरोधक असतील तर मी दोन्ही जोड्यांना ४० देतो. एकाच जोडीतले असतील तर तिला ४० आणि समोरच्यांना ६०. आदल्या टेबलाने चुकीचे पत्ते कोंबले हे खरं असलं तरी मोजलं असतं तर सापडलं असतं.

सगळ्यात पाजी प्रकार असा, की दोघांचे पत्ते अदलाबदल झालेत पण प्रत्येकाकडे तेराच आहेत. मोजून कळत नाही. हे होतं पोस्टमॉर्टेममध्ये. डाव संपला की चौघांचे पत्ते टेबलावर उघडे पसरायचे, 'तू राणी का नाही मारलीस' म्हणायचं, आणि मग पत्ते गोळा करताना बदामाची राणी उत्तरेकडून पूर्वेच्या कप्प्यात. आमच्याकडे नऊ नंबरला हेच झालं. तो बोर्ड तिसऱ्या टेबलावर सुरू होतो, मग दुसऱ्या, पहिल्या, सातव्या, सहाव्या, पाचव्या आणि चौथ्यावर जातो. निकाल लावताना दिसलं की पहिल्या तीन टेबलांवर चार बदाम सहज झाले आणि नंतरच्या चारही टेबलांवर कुणी तिकडे फिरकलंसुद्धा नाही. संशय आला की निकाल टेबलांच्या क्रमाने न मांडता खेळल्याच्या क्रमाने मांडायचे, मग बदल कुठे झाला ते डोळ्यांना दिसतं. हँड रेकॉर्ड, म्हणजे मूळ वाटपाची नोंद, असेल तर काम सोपं. नसेल तर प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न विचारा: बदामाची राणी कुणाकडे होती?

याला बिघडलेला बोर्ड म्हणतात (कलम ८७), आणि तो रद्द करत नाहीत. मूळ रूपात खेळलेले एका गटात, बदललेल्या रूपात खेळलेले दुसऱ्या गटात, आणि गटाची तुलना गटातच. आमच्या चारच्या गटात मॅचपॉइंट आले ६, ४, २ आणि ०. सूत्र तेच, फक्त सात भागिले चार. त्यांचे झाले ११.२५, ७.७५, ४.२५ आणि ०.७५.

तीन निकालांच्या गटाला सूत्र लावणं मला धाडसाचं वाटतं. दोनच जोड्यांना हरवून कुणी टॉपच्या जवळ जावं का? बऱ्याच ठिकाणी अशा छोट्या गटासाठी ठरलेले टक्के वापरतात: तिघांत ७०, ६० आणि ५०. दोघांत ६५ आणि ५५. एकट्यालाच वेगळ्या रूपात खेळावं लागलं तर दोन्ही बाजूंना ६०. मी तेच वापरतो. नियमावलीने पद्धत निवडायचं काम आयोजकावर, आणि त्याने काही ठरवलं नसेल तर डायरेक्टरवर सोडलंय. मात्र ती जाहीर करावी लागते. पहिल्या टेबलावर ज्यांनी पत्ते बदलले, त्यांचा स्वतःचा निकाल मूळ रूपातलाच होता. तो पहिल्या गटात राहिला. त्यांना ताकीद मिळाली ती वेगळी.

चुकीचा बोर्ड, चुकीचे प्रतिस्पर्धी

दहा ते बारा खेळायचे होते, टेबलाने तेरा ते पंधरा ओढले आणि तेरावर बोली सुरू झाली. लगेच विचारायचं: चौघांपैकी कुणी हा बोर्ड आधी खेळलंय का? एकानेही खेळला असेल तर दोन्ही जोड्यांसाठी तो रद्द. कुणीच खेळला नसेल तर थांबवायचं नाही. बोली आणि खेळ पूर्ण करायचा, निकाल धरायचा, आणि राहिलेला योग्य बोर्ड नंतर खेळायला लावता येतो (कलम १५).

याचे पडसाद दोन-तीन फेऱ्यांनंतर उमटतात, आणि ते विसरले जातात. ज्यांनी तेरा चुकून आधी खेळला, ते त्यांच्या खऱ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर तो बोर्ड आला की पुन्हा खेळू शकत नाहीत. ते खरे प्रतिस्पर्धी बिचारे वाट पाहत बसतात. त्यांना ६०. म्हणून मी चुकीचा बोर्ड सापडला की त्याच क्षणी दोन्ही जोड्यांचे नंबर आणि बोर्ड नंबर पाटीच्या मागे लिहून ठेवतो.

दोष ठरवताना लक्षात घ्या, सगळा वेळ एकाच टेबलावर बसून राहणाऱ्या जोडीवर टेबलाची मुख्य जबाबदारी असते (कलम ७). मिचेल पद्धतीत, जिथे पूर्व-पश्चिम जोड्या फिरतात, ती उत्तर-दक्षिण. म्हणून चुकीच्या बोर्डाला मी बहुधा त्यांना ४० देतो आणि नंबर न बघणाऱ्या पाहुण्यांना ५०. पूर्व-पश्चिम जोडीच चुकीच्या टेबलावर जाऊन बसली असेल तर उलट.

बोर्ड आडवा ठेवला गेला आणि उत्तर-दक्षिणेने पूर्व-पश्चिमेचे पत्ते खेळले, तर आम्ही तो रद्द करत नाही. निकाल दिशा उलटवून टाकतो, म्हणजे ज्यांनी तेच पत्ते धरले त्यांच्याशीच तुलना होते. बहुतेक संगणक प्रणालींत त्यासाठी सोय आहे.

टीम ऑफ फोर (चौघांचे संघ) खेळत असाल तर हेच सगळं, फक्त टक्क्यांऐवजी आयएमपी (दोन टेबलांच्या निकालांतल्या फरकावरचे गुण): निर्दोषाला अधिक ३, दोषीला उणे ३.

लिहून ठेवा, आणि वेळ सांगा

निम्मे वाद नियमांचे नसतात, नोंदीचे असतात. ट्रॅव्हलरवर (बोर्डासोबत फिरणाऱ्या गुणपत्रकावर) कोरी ओळ दिसली तर एक तासानंतर कुणालाच आठवत नाही की बोर्ड खेळलाच नव्हता की लिहायचा राहिला. म्हणून कोरी ओळ नको. 'बसले', 'खेळला नाही, उ-द हळू' किंवा 'रद्द, १४-१२ पत्ते' असं तिथेच लिहायचं, सोबत दिलेले टक्के आणि माझी सही.

निकाल लावल्यावर छापण्याआधी प्रत्येक बोर्डाची यादी वरून खाली वाचतो. सहा टेबलांवर उत्तर-दक्षिणेला ४२० आणि एका टेबलावर पूर्व-पश्चिमेला ४२० दिसलं, तर बहुतेक वेळा रकाना चुकलेला असतो. ४२० च्या गर्दीत एकच ६२० म्हणजे कुणीतरी व्हल्नरेबल समजून लिहिलंय. अशा चुकांना कृत्रिम गुण लागत नाहीत, नुसतं विचारून दुरुस्त करायचं.

दुरुस्तीची मुदत आयोजकाने वेगळी ठरवली नसेल तर निकाल पाहायला उपलब्ध झाल्यापासून ३० मिनिटं (कलम ७९). मी निकालाचा फोटो क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, खाली वेळ लिहितो आणि तिथून अर्धा तास मोजतो. भुसावळची जोडी तोवर गाडीत असते, आणि पहिला फोन बहुधा तिचाच: "साहेब, सहाला आमचे दहा हात झालेले, नऊ लिहिलेत." मग मी आबांना फोन लावतो. आबा हो म्हणाले तर आकडा बदलतो, नवा फोटो टाकतो आणि जुन्या ओळीवर रेघ मारून शेजारी दोघांशी बोलल्याची वेळ लिहितो. आबा नाही म्हणाले तर दोघांकडून प्रत्येक हात कसा गेला ते विचारतो, आणि चूक झाल्याची पक्की खात्री पटली तरच बदलतो.